मयतीच्या कामाची लेन्स

९ नोव्हेंबर
हिंगणघाटला येऊन आठवडा झाला. बदली झाली तेव्हा बँकेतल्या पुणेकरांनी सुतकी चेहरे केले होते. त्यांना काय माहीत इथला उजेड! जिनिंगच्या आवारात कापसाचे डोंगर आणि त्यावर सकाळचे कोवळे ऊन. माझ्यासारख्या हौशी फोटोग्राफरला आणखी काय हवे? बायकोला, ऋचाला, तर्री-पोहे आवडले. आठ वर्षांच्या लेकीला, चारुताला, घरमालक तानबांचा कोंबडा. एकूण झकास चालले आहे.

१० नोव्हेंबर
नत्थूजी नावाचे म्हातारे फोटोवाले दुकान बंद करताहेत असे कळले, म्हणून गेलो. कपाटात एक जुनी पोर्ट्रेट लेन्स होती. मी काही कुणी सांगेल ते घेणारे गिऱ्हाईक नव्हे. टॉर्च मारून पाहिले, काचेत बुरशी नाही. अ‍ॅपर्चरच्या पात्यांना तेल नाही. फोकसची रिंग लोण्यासारखी फिरते.
नत्थूजी म्हणाले, "मयतीच्या कामाची आहे साहेब. तिरडीवर ठेवाच्या आधी लोकं फोटू काढाले बोलावत, तवाच वापरत होतो. याच्यात आलेला मानूस हालत नाई."
मेलेला माणूस तसाही कुठे हालतो, असे म्हणून मी स्वतःच खो-खो हसलो. म्हातारा हसला नाही. विनोदबुद्धी सगळ्यांनाच नसते.

११ नोव्हेंबर
भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून चाचणी घेतली. कडा जरा मऊ, पण मधली अक्षरे धारदार! मग चारूला झोपाळ्यावर बसवले. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे. तिचा फक्त डावा डोळा स्पष्ट, बाकी चेहरा सायीसारखा विरघळलेला. पापणीचा केस न् केस दिसतो. जन्मात असा फोटो काढला नव्हता.

१२ नोव्हेंबर
चारूचा डावा डोळा मिटत नाही. बुबुळही वळत नाही. धूळ जाते, सारखे पाणी वाहते. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली असेल, वेळ लागेल. ऋचा ओल्या कापसाची घडी ठेवून बसली आहे. मी फोटो उघडून पाहिला. तोच डोळा.

१५ नोव्हेंबर
शंका फेडायची होती. अ‍ॅपर्चर लहान केले, म्हणजे तुऱ्यापासून नखापर्यंत सगळे स्पष्ट येते, आणि तानबांच्या कोंबड्याचा फोटो काढला. तानबांनी दाणे टाकले. मग ओरडले, "काऊन असा उभा राह्यला बे हा?" बोटाने ढोसले तर कलंडला, पाय तसेच ताठ. अंगात धुगधुगी होती. आणि मी — खरे लिहितो — आधी झूम करून पिसे पाहिली. काय पिसे होती!

१६ नोव्हेंबर
नत्थूजींकडे धावलो. उतारा नाही म्हणाले. लेन्स फोडूनही थांबलेले हलत नाही. "म्या तं सांगतलं होतं साहेब," ते रडत म्हणाले. "मले वाटलं, शिकलेल्या मानसाले समजलं."
ऋचाला सगळे सांगितले. ती चारूला घेऊन माहेरी जाणार. कायमची. लेन्स वेणा नदीत फेक म्हणाली. फेकली, असे मी सांगितले. तांदळाच्या डब्यात आहे. अशी लेन्स पुन्हा कुठे मिळणार?

१८ नोव्हेंबर
बॅगा भरून झाल्या. दुपारी ऋचाचा डोळा लागला होता. पाय चादरीबाहेर. या दोघींशिवाय मी जगू शकत नाही. नाहीच. लेन्समध्ये फक्त पावले घेतली. दुखत नाही त्यात काही.

१९ नोव्हेंबर
ऋचाला उभे राहता येत नाही. नुसती माझ्याकडे बघते. स्वयंपाक कोण करणार — चारूने भातासाठी तांदळाच्या डब्यात हात घातला असणार — मी बँकेत होतो —
आल्यावर पाहिले तर डब्यात लेन्स नाही. मी विचारले नाही. भीती वाटते.

२० नोव्हेंबर
उठता येत नाही. झोपेत माझे पाय — दोन्ही —
ऋचाचा भाऊ रजत नागपूरहून निघालाय. जाम गावापर्यंत आला, ऋचा त्याच्याशी फोनवर बोलली. चारूने तिला कॅमेरा आणून दिला आणि मला ही वही. लिही, म्हणाली ऋचा.
माफी मागतो आहे. पुन्हा पुन्हा —
ओठांवर फोकस — क्लिक — तोंड उघडत नाही —
आता हाताकडे — रिंग फिरवते —
डोळे सोडते म्हणाली. आम्ही जाताना तुला दिसलो पाहि