मागच्या खोलीतला आवाज

राजाजीनगर, मंगळवार, १९९४

ऑफिसात सीनियर वकील सरांनी आज माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, कंपनीवरच्या दाव्याचे कागद वाचले. तयार सुट्या भागांचे पैसे मिळतील, चलनं आहेत, म्हणाले. "पण कंपनीनं ऑर्डर रद्द केल्यामुळेच लेथ मशीन विकावं लागलं, हे कसं सिद्ध करणार, वकीलबाई?"

घरी अण्णांनाच विचारलं, मशीन गेल्यानं काय काय नुकसान झालं?

हसले. "आता स्वल्प शांत झोप लागते, तेही लिही!"

कुठली झोप? पहाटे मशीन होतं त्या रिकाम्या मागच्या खोलीत उभे असतात. मशीनच्या त्याच घरघरीत मी कायदा शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले. ती घरघर परत मिळेल असं कुठलं कलम आहे?

आत्ता शेजारी मिक्सर सुरू झाला. आम्ही दोघांनीही एकदम मागच्या खोलीकडे पाहिलं.