दहापैकी तीन गुण

सौ. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघा दुखतो आहे, तेव्हा आठांतून एक अंग वजा करून स्वीकारावा.) तुझी पाठ, गोपाळकृष्णरावांची साखर आणि सांगलीचा उकाडा ही तिन्ही आटोक्यात असावीत.

इकडे एक निधन झालं. दचकू नकोस, आई ठीक आहे. गेला तो आमरस. तुझी भावजय हेमा सुट्टी संपवून बदलीच्या गावी, नागपूरला परत जाताना माझ्यासाठी डबे भरून फ्रिजमध्ये ठेवून गेली होती. परवाच्या वादळानं वीज गेली आणि त्या रसाला ऐन तारुण्यात आंबट वैराग्य आलं. वीज कंपनीनं याबद्दल सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. फक्त संदेश आला : ‘प्रिय ग्राहक, पुरवठा लवकरच पूर्ववत होईल.’ चाळीस वर्षं संस्कृत वाचलं-शिकवलं, काळाचे निमिष, कला, मुहूर्त असे सगळे भाग मला ठाऊक आहेत. पण ‘लवकरच’ हे माप कुठल्याच शास्त्रात सापडलं नाही.

झालं असं की संध्याकाळी वळवाबरोबर असा काही वारा सुटला की मागच्या बोळातला गुलमोहर तारांवर आडवा झाला. (पालिकेनं त्याला गेल्याच वर्षी ‘धोकादायक’ ठरवलं होतं, झाडानं त्यांचा शब्द राखला.) दिवे गेले, लिफ्ट गेली आणि आईचं प्राणवायूचं यंत्र बंद पडलं. मी ताबडतोब तिला सिलिंडर लावला. कंपनीला फोन केला, तर एक गोड आवाज ‘आपण रांगेत आहात’ असं सांगून सनई ऐकवत बसला. इतका वेळ सनई मी लग्नातसुद्धा ऐकली नव्हती.

तेवढ्यात खाली सोसायटीची सभा भरली. पुण्यात वीज गेली की मेणबत्तीच्या आधी सभा लागते. आईच म्हणाली, “जा, कंपनीची गाडी कधी येतेय विचारून ये. सिलिंडर काही जन्माला पुरत नाही.” म्हणून चार जिने उतरलो. सचिव दिगंबरराव (हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त, तपासणी अजून चालू) अध्यक्षस्थानी होते. विषय, कंपनीच्या कारभाराचं मूल्यमापन. मंदाकिनीबाई मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे दहापैकी गुण द्यायचं ठरलं. तत्परतेला शून्य, नम्रतेला अर्धा, सनईला तीन. “गाडी कधी येणार?” असं मी दोनदा विचारलं, तर दिगंबरराव म्हणाले, “अहो सर, विषयपत्रिकेबाहेर जाऊ नका.”

निषेधाचा ठराव मांडला जातोय, इतक्यात फाटकातून एक माणूस आत आला. चिंब भिजलेला, हातात पक्कड.

“गाडीची हवा कुनी सोडली ओ?”

तो कंपनीचा मच्छिंद्र. गाडी केव्हाचीच आली होती! फाटकासमोर लावून तो कुठली तार तुटलीय ते बघायला मागच्या बोळात गेला. परत येतो तर दोन चाकं बसलेली. आमच्या फाटकावर पाटी आहे, तुला ठाऊकच आहे : ‘येथे परक्यांनी वाहन लावल्यास हवा सोडण्यात येईल.’ पुण्यात इतर आश्वासनांचं काय होईल ते सांगता येत नाही, पण पाटीवरचं आश्वासन पाळलं जातं. दिगंबररावांनी सभेला येता येता ते पाळलं होतं.

“पाटी वाचली नाहीत का?” दिगंबरराव कडाडले.

“अंदारात कशी वाचू साहेब? लाईट कुठाय?”

मच्छिंद्र पुढे म्हणाला, “शिडी गाडीवर हाय, अन् गाडी बसलीय खाली. आता सांगा, खांबावर उडत जाऊ काय?” कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हवेचं यंत्र आहे, पण तेही विजेवर चालतं. शेवटी मंदाकिनीबाईंच्या माळ्यावरून सायकलचा पंप निघाला. मग काय, ज्यांनी कंपनीला शून्य दिलं होतं ते सगळे ओळीनं कंपनीच्या चाकात हवा भरू लागले. शुभारंभ दिगंबररावांच्या हस्ते. (चौथ्या दट्ट्याला त्यांनी ‘तरुणांना संधी’ दिली.) मी मध्येच जिने चढून वर गेलो.

“काय ठरलं?” आईनं विचारलं. दोन शब्दांमागे एक श्वास घेत होती.

“कंपनी नापास.”

“बरं झालं. मग आता... पास झालेलेच... दिवे लावणार का?”

पुन्हा खाली. पुन्हा पंप. अखेर गाडी हलली, मच्छिंद्र खांबावर चढला आणि दिवे आले. सभेनं लगेच ठराव पूर्ण केला : विलंबाबद्दल तीव्र निषेध, दहापैकी तीन गुण. मूळचे साडेतीन होते. चुकीच्या जागी गाडी लावल्याबद्दल अर्धा कापला. मच्छिंद्रला चहा विचारला का, असं तू विचारशील. दूध नासलं होतं, ही सबब सर्वांनाच उपलब्ध होती.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्यामसुंदर

ता. क. : पाटीत ‘वीज कंपनीचे वाहन वगळून’ अशी दुरुस्ती सुचवली गेली आहे. दिगंबररावांनी तिचा अभ्यास करायला उपसमिती नेमली आहे.

ता. क. दुसरा : हे फोनवर सांगता आलं नसतं, कारण आई शेजारीच असते आणि तिचे कान शाबूत आहेत. दिवे आले तेव्हा सिलिंडरचा काटा तांबड्यात होता. स्वारगेटचा सिलिंडरवाला फोन उचलत नव्हता. त्याच्याकडे जायचं तर तिच्याजवळ कोण बसणार, आणि तिच्याजवळ बसायचं तर सिलिंडर कोण आणणार? जिन्यात उभा राहून मी हाच विचार करत होतो. ताई, खरा पावसाळा अजून यायचाय. गणपतीपर्यंत तू इकडे येऊन राहा. मला एकट्याला भीती वाटते.