पाठीवरचं नाव

छत्रपती संभाजीनगर,
१९ जानेवारी २०२६

लाडक्या लुबनाबाई,

सलाम. अम्मींचे गुडघे कसे आहेत? परभणीत तुझं शिवणकाम जोरात असेल. इथं सगळं ठीक. ठीक काय, आज भन्नाट झालंय! फोनच करणार होते, पण तू मला मध्येच हसवतेस आणि सांगायचं राहून जातं.

अगं, आम्ही माणूस परत आणला! भिकनमामा, पन्नाशीचे, शेळ्या राखतात. जोरदार संसर्गाचा फ्लू, म्हणून वेगळ्या खोलीत. दुपारी काचेतून बघते तर मॉनिटरची रेघ वेडीवाकडी आणि मामा निपचित. नवी सिस्टर आमरीन तशीच आत धावली. मी तिला दंड धरून मागं ओढलं. "आधी पीपीई किट!"

मामांची बायको बानाबाई बाहेर ओरडायला लागली, "अवो बाई, माणूस मरायला अन् तुमी कपडे काय घालायल्या!"

तरी आमरीनच्या पाठीचे बंद मी बांधले, माझे तिनं. मार्करनं एकमेकींच्या पाठीवर नावं लिहिली. सगळं मिनिटभरात! आत डॉक्टर आणि वॉर्डबॉय धरून आम्ही चौघंच. मामांच्या तोंडावर मास्क, डॉक्टरांनी शॉक दिला, मग छाती दाबायची. किटमध्ये दम लवकर जातो आणि हाक ऐकू येत नाही. म्हणून पाठीवरचं नाव वाचायचं, खांद्यावर थाप मारायची आणि हात बदलायचे. तिसऱ्यांदा हात बदलले आणि नाडी लागली, लुबना! मी आतल्या आत घामानं आणि रडून चिंब.

बानाबाई नंतर म्हणते कशी, "फुडल्या येळी जरा बिगी बिगी नटत जा गं."

नावं लिहायची पद्धत मीच सुरू केली. का, ते तुला कधी सांगितलं नाही.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, गुलमंडीच्या कापडवाल्या काकांची छाती दाबून माझे हात गळून गेले होते. तू दाराबाहेर किट चढवत होतीस. आतून कुणीतरी ओरडलं, "किट राहू दे, ये लवकर!" तू तशीच आलीस. काका वाचले नाहीत. पुढं तू आजारी पडलीस, मग तुझे अब्बा, निजामुद्दीनचाचा, आणि महिन्याभरात ते गेले. "अब्बांना मीच आजार दिला" म्हणत तू नोकरी सोडलीस. जाताना मला विचारलंस, "आतून कोण ओरडलं होतं गं?" आत होतो त्या आम्ही तिघी पांढऱ्या किटमध्ये सारख्याच दिसत होतो. मी म्हणाले, मला ऐकूच आलं नाही.

मी ओरडले होते, लुबना.

त्यानंतरही दर ईदला तुझ्या घरचा शिरखुर्मा खाल्ला. तू सगळा दोष स्वतःवर घेतलास आणि मी घेऊ दिला. मला लाज वाटते.

वॉर्डात एक जागा रिकामी आहे. आमरीनला म्हटलंय, "तुला शिकवायला माझ्याहून चांगली बाई परभणीत बसलीय." पण त्यासाठी हे पत्र नाही. शिव्या दे, माझा फोन उचलू नकोस, तुझा हक्क आहे. फक्त "मीच दिला" हे म्हणणं आता सोड.

या वेळी माझं नाव मोठ्या अक्षरांत लिहितेय, लांबूनही वाचता येईल असं.

दिपाली