ऑपरेशन उजव्या बाजूचं होतं

१९ तारीख, बुधवार

प्रिय दाजी,

नमस्कार. हाताची पट्टी बदलली का? इकडे सगळं ठीक. लाँड्रीतला बॉयलर एकदाचा दुरुस्त झाला.

तुमच्या हाताचं वाईट वाटतं, असं लिहिलं होतं. खोडलं. वाटत नाही.

इस्पितळातली ती अभ्यासवाली बाई पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा तुम्ही चहा पीत होतात. कॅन्सरच्या बायकांचा थकवा व्यायामाने कमी होतो का, हे ती तपासत होती. म्हणाली, "शंभर जणी आल्या, तुमच्या लोकांतली एकही नाही. उद्या उपचार ठरतील ते तुम्हाला वगळूनच." तुम्ही म्हणालात, "आमच्या बायकांना घरात व्यायाम कमी पडतो की काय!" मी हसलो. चांगला जोरात हसलो.

तुम्ही गेल्यावर बाई म्हणाली, घरोघरी पत्रं पाठवली होती. मी म्हटलं, "बाई, आमच्यात बायकोचं पत्र नवरा उघडतो. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या मात्र बायकाच उलगडतात." चिठ्ठ्या साड्यांच्या घड्यांत घालून दिल्या. नऊ जणी आल्या. मंगळवारी दुपारी, आमच्या इस्त्रीच्या खोलीत. मी स्वतःवर फार खूश होतो.

त्यांत आमची चिमीही होती, तुम्हाला न सांगता. बाईने सगळ्यांना हात वर करायला सांगितले. चिमीचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. बाईने कागद चाळले. "ऑपरेशन तर उजव्या बाजूचं आहे ना?"

"पडले होते," चिमी म्हणाली.

बाकीच्या आठ जणी एकदम आपापल्या चपला बघायला लागल्या.

पुढच्या मंगळवारी तुम्ही आलात. "माझी बायको काय सर्कशीत आहे?" म्हणत तिला वेणीला धरून ओढलीत. तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं, रक्त डोळ्यात उतरलं. तिच्या मनगटावर बाईने बांधलेलं नाडी मोजायचं यंत्र तुम्ही टाचेखाली चिरडलंत, मनगटासकट. मग मी तुमचा हात धरला, वाफेच्या प्रेसवर ठेवला आणि झाकण ओढलं. तीनपर्यंत मोजलं. एक म्हटल्यावरच सोडता आलं असतं. तुम्ही गुरासारखे ओरडत होतात आणि मला बरं वाटत होतं.

आता लोक माझी पाठ थोपटतात. भाऊ असावा तर असा.  काल चिमी टाके घातलेल्या कपाळाने दारात उभी राहिली. म्हणाली, "दादा, आपल्या दोन घरांमधली भिंत एकच आहे ना?"

दाजी, माझे कान तिखट आहेत, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. अकरा वर्षं मी ऐकतोय. ताट फेकल्याचा आवाज वेगळा, डोकं आपटल्याचा वेगळा. तिचा खांदा मोडलात त्या दुपारी तिने "दादा" म्हणून दोनदा हाक मारली. मी उठलो आणि दुकानात जाऊन सुकवणीचं यंत्र चालू केलं. ड्रम रिकामा होता.

हे पत्र पेटीत टाकून पोलीस चौकीत जातोय. तुमच्या हाताचं मी नाकारणार नाही. तिच्या खांद्याची साक्षही मीच देणार, भिंतीपलीकडून ऐकलं ते सगळं. दोघंही आत जाऊ बहुधा. इस्त्रीच्या खोलीची किल्ली चिमीला दिली. तिने एवढंच विचारलं, "मंगळवारी बाई येणार ना?"

तुमच्याइतकाच दोषी,
तिचा थोरला भाऊ