ये, ये, अजून ये

९ नोव्हेंबर, दुपार
पोचलो. क्वेबेकमधल्या आमच्या गावी बर्फ पडायच्या आत निघालो, सात दिवस गाडीत काढले आणि आता फ्लोरिडात चपला काढून बसलेय. हा सतरावा हिवाळा.

नातीनं, आनाईसनं, फोनात सोय करून दिलीय. म्हणाली, आजी, तू नुसतं बोल, तो लिहील. मला अक्षर येत नाही, नवऱ्याला, लेओपोलला, माझा फोन उघडता येत नाही. म्हणजे हे वाचणारं जगात कोणी नाही. तेव्हा इथं खरं बोलायचं ठरवलंय.

खरं हे, की माझ्या नवऱ्याचे डोळे गेलेत.

मार्चमध्ये ऐंशीचा होईल. आज गाडी जागेवर मागे घेताना त्यानं विजेचा खांब ठोकला. मी मागेच उभी होते. दर वेळी असते. तो स्टिअरिंगवर, मी मागे, दोन्ही हात वर: ये, ये, अजून ये. आमची घरगाडी, म्हणजे आत चूल-बिछाना असलेली, तीस फुटांची, आरशात अर्धंमुर्धं दिसतं, बाकीचं मी दाखवते. घरगाड्यांच्या पार्कात नवीन गाडी आली की लोक खुर्च्या घेऊन बाहेर येतात. कुठल्या जोडप्याचं भांडण किती रंगतंय ते बघायला. आमचं कधी होत नाही. मी सांगते, तो ऐकतो.

खांब करड्या रंगाचा, त्यात ऊन माझ्या तोंडावर. असा खांब कोण लावतं?

११ नोव्हेंबर
मुलीला, नादीनला, कळलं. पिएरेतचं काम. पिएरेत म्हणजे छोटी व्हॅन घेऊन दर हिवाळ्यात आमच्या मागोमाग फिरणारी मैत्रीण. नवरा वारल्यापासून तिला दुसऱ्यांच्या नवऱ्यांची फार काळजी. तिनं गाडीच्या फुटलेल्या मागच्या दिव्याचा फोटो नादीनला पाठवला.

नादीनचा फोन. आई, बाबांच्या हातून आणखी एक ठोकर, आणि गाडी विकायची. स्तेफान विमानानं येईल, गाडी घेऊन जाईल, आणि तुम्ही दोघं रिमूस्कीच्या वृद्धांच्या इमारतीत. जागा बघून ठेवलीय. स्तेफान म्हणजे जावई. तो येईल, त्याला कुणालाच नाही म्हणता येत नाही.

ती इमारत मी पाहिलीय. खिडकी चार बोटं उघडते. रात्रीचं जेवण दुपारी साडेचारला.

ठराव: आजपासून लेओपोलचे डोळे मी. त्याला काही बोलायचं नाही. पुरुषाला असं तोंडावर सांगितलं की तो खचतो. गुपचूप करायचं.

१५ नोव्हेंबर
संध्याकाळी फिरायला. पार्कातल्या दिव्यांभोवती मोठमोठी कडी आहेत, इंद्रधनुष्याची. अमेरिकन लोक दिव्यांवरही खर्च करतात. लेओपोलला सहज विचारलं, कडी छान आहेत ना? म्हणाला, कुठली कडी?

बिचारा. गाडीच्या चाकाएवढी कडी दिसत नाहीत त्याला. मी विषय बदलला.

२६ नोव्हेंबर
बिंगो. आकडे मला येतात, वैर आहे ते अक्षरांशी. यंदा कागदांवरची शाई इतकी फिकट की विचारू नका. वाचवतात मेले. मी आपली एकेक आकडा शोधतेय तर शेजारून पिएरेत म्हणते, ह्युगेत, तुझा बिंगो मघाशीच झाला, तीन आकड्यांपूर्वी. मी म्हटलं, मला माहितेय, मी दुसऱ्यांना संधी देत होते.

१२ डिसेंबर, अलाबामा
किनाऱ्यानं पश्चिमेला सरकलो. नवा पार्क, समुद्र अगदी पुढ्यात. गाडी मागे घेताना मी जरा जास्तच सावध होते. ये, ये म्हणत राहिले. झाड आलं. ताडासारखं, बारीक, उभं. मागची शिडी वाकली.

म्हणाला, झालं ते झालं. चिडला नाही. आपल्या डोळ्यांचं त्यालाही कळत असणार, म्हणून चिडत नाही.

पिएरेतला बजावलं, फोटो काढलास तर माझं ताट तुझ्यासाठी बंद. ती म्हणाली, ह्युगेत, तुला झाड दिसलं नव्हतं? मी म्हटलं, गाडी कोण चालवतं, मी का तो? 

१८ डिसेंबर
किनाऱ्यावर बसलो होतो. लेओपोल बोट दाखवून म्हणतो, डॉल्फिन. तिकडे बघ, तीन आहेत. मी पाहिलं. नुसतं पाणी. वर ऊन.

आता त्याला नसलेलंही दिसायला लागलंय. मी म्हटलं, हो रे, सुंदर आहेत. माणसाचं मन राखावं लागतं.

२४ डिसेंबर
तूर्तिएर केली, मैद्याच्या पारीत खिमा भरून भाजतात ती, नाताळाला ती लागतेच. वरचा थर छान सोनेरी झाला. पिएरेत म्हणाली, जळलीय. तिला सगळीकडे काळंच दिसतं. लेओपोलनं दोन तुकडे खाल्ले, वरचा थर काढून. पोट जपतोय.

मी त्याच्यासाठी लाल गळपट्टा विणला होता. म्हणाला, हिरवा आवडतो मला. मी त्याच्या गालावरून हात फिरवला.

६ जानेवारी, मिसिसिपी
हे नीट सांगून ठेवते.

जागा चांगली, रुंद. प्रेक्षक आठ-दहा. मी मागे. ये, ये. अर्ध्यात लेओपोलनं गाडी थांबवली, खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाला, ह्युगेत, टेबल.

मी म्हटलं, कुठलं टेबल? ये तू.

तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. बराच वेळ. इंजिन चालू. मग आला.

टेबल मोडलं. लाकडी होतं, बाकांसकट. कुठून आलं कोण जाणे. बंपर लोंबतोय. एक अमेरिकन बाई उठून म्हणाली की तिनं ओरडून सांगितलं होतं. इंग्रजीत ओरडून काय उपयोग?

७ जानेवारी
नादीनला कळलं. या वेळी पिएरेतनं नाही, लेओपोलनंच सांगितलं. म्हणाला, माझी चूक झाली, पोरी. मला टेबल दिसलं नाही.

मी समोर उभी राहून ऐकत होते. चोपन्न वर्षांच्या संसारात या माणसानं स्वतःहून चूक कबूल केलेली मी पहिल्यांदा ऐकली. म्हणजे दुखणं किती पुढे गेलंय बघा.

नादीन रडली. मग म्हणाली, बाबांनी इथून हलायच्या आधी डोळे तपासायचे आणि कागद मला पाठवायचा. कागद चांगला आला तर ठीक. नाहीतर स्तेफान येतोय आणि गाडी विकली.

म्हणजे सगळं त्या एका कागदावर आलं.

२० जानेवारी
योजना. तपासणीच्या खोलीत मी लेओपोलच्या मागे उभी राहीन आणि पाठीत बोटानं खूण करीन. अडचण एकच, भिंतीवर अक्षरं असतात.

मी आयुष्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले नाही ते याचमुळे. डॉक्टर म्हणणार वाचा, मी म्हणणार येत नाही, आणि बाहेर बसलेल्या चार बायका ऐकणार. गरज तरी काय होती? नवव्या वर्षी शाळा सुटली आणि मी मासे सुकवायच्या फळ्यांपाशी कामाला उभी राहिले. दहा हात लांबून मी सांगायचे, तो कॉड मासा खराब आहे, तो उचल. मुकादम माझ्या डोळ्यांची शपथ घ्यायचा.

पिएरेतला म्हटलं, तू आत ये आणि मला कानात सांग, मी पाठीत खूण करते. तिनं विचारलं, त्यापेक्षा मीच त्याच्या पाठीत खूण केली तर? मी म्हटलं, माझ्या नवऱ्याच्या पाठीशी तुझं काय काम? ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

२ फेब्रुवारी
तपासणी मंगळवारी. पिएरेत तिच्या व्हॅनमधून नेणार. तिनं आणि लेओपोलनं फोनवर वेळ ठरवली, बाजूला जाऊन, हळू आवाजात. विचारलं तर म्हणे, इंग्रजी बोलायचं होतं ना.

लेओपोलला रोज गाजर देतेय. कच्चं, उकडलेलं, सूपमध्ये. आज म्हणाला, ह्युगेत, ससा होईन. मी म्हटलं, सशाला गाडी चालवायला देतात का बघू.

 सकाळी तो कॉफी घेऊन पायरीवर बसतो, समोर समुद्र, आणि मी आत भांडी आवरते. हे इमारतीत नसणार. तिथं कॉफी ट्रॉलीवरून येते.

मंगळवार, दुपारी चार
आधी लेओपोल. मला आत येऊ दिलं नाही, दारात उभी राहिले; आतलं इंग्रजी पिएरेत मला सांगत होती. तो धडाधड वाचत गेला. डॉक्टर म्हणाला, आणखी खाली? तो वाचला. आणखी खाली? वाचला. मग सगळ्यात खाली, कोपऱ्यात, तक्ता छापणाऱ्याचं नाव होतं म्हणे, तेही वाचलं. दोघं हसले.

डॉक्टर म्हणाला, पन्नाशीच्या माणसाचे डोळे आहेत.

मला वाटलं, गाजर. इतक्या लवकर गुण येईल वाटलं नव्हतं.

मग डॉक्टर माझ्याकडे वळला. आता मादाम. मी म्हटलं, मी बरोबर आलेय फक्त. पिएरेत म्हणाली, दोघांची वेळ घेतलीय. मी लेओपोलकडे पाहिलं. तो त्याची टोपी बघत होता.

खुर्चीवर बसवलं. मी पिएरेतला हळूच म्हटलं, त्याला सांग मला अक्षर येत नाही. तिनं सांगितलं. कोणी हसलं नाही. डॉक्टरनं दुसरा तक्ता लावला, त्यावर तीन दातांचे काटे. काट्याची टोकं कुठल्या बाजूला, तेवढं हातानं दाखवायचं. हे माझं कामच. हातानं दाखवणं सतरा हिवाळे करतेय.

वरचा मोठा काटा दाखवला. त्याच्या खालचे दोन दाखवले. खालच्या ओळी त्यांनी छापल्याच नव्हत्या.

मी तसं सांगितलं. डॉक्टरनं दिवा घेऊन माझ्या डोळ्यांत पाहिलं.

मोतीबिंदू आहेत म्हणे. दोन्ही डोळ्यांत. पिकलेले. दिव्याभोवती कडी दिसतात का, त्यानं विचारलं. रंग फिके वाटतात का. ऊन सहन होत नाही का. मी प्रत्येकाला नाही म्हटलं. लेओपोल प्रत्येकाला हो म्हणत होता.

डॉक्टर कोवळा आहे, तिशीचाही नसेल. शिकेल हळूहळू.

बुधवार
 आज सकाळी लेओपोलला विचारलं. तो पायरीवर बसला होता, कॉफी घेऊन.

विचारलं, तुला ते टेबल दिसलं होतं?

म्हणाला, दिसलं होतं.

आणि झाड?

झाडही. खांबही. खांबाला तर मी मोजून लागलो, दिवाच जाईल इतपत.

मग का आलास, माठ्या?

तू ये म्हणालीस.

 मी म्हटलं, अरे गाडी गेली असती. नादीननं विकली असती. त्या इमारतीत साडेचारला जेवत बसलो असतो.

म्हणाला, तिथंही तूच बरोबर असतीस की. आणि नादीनला खरं सांगितलं असतं, तर तुला पहिल्या दिवसापासून गाडीच्या मागून हलवावं लागलं असतं. ते मला जमेना.

चोपन्न वर्षं. हा माणूस मुका आहे असं मी सगळ्यांना सांगत आले.

आत जाऊन भांडी घासली. दोनदा.

२० फेब्रुवारी
कागद नादीनला गेला. बाबांचं उत्तम, विकायचा विषय संपला. मग मला म्हणाली, आई, तुझं एप्रिलमध्ये ऑपरेशन, तारीख घेतलीय. आधी एक डोळा, मग दुसरा. आवाजात हसू होतं, माझ्याच पोटची.

लेओपोल गळपट्टा घालून फिरतोय. पिएरेतला विचारलं, कुठला रंग? म्हणाली, ह्युगेत, पालकासारखा हिरवा.

१५ मार्च
त्याचा ऐंशीचा वाढदिवस. केक पिएरेतनं आणला. माझ्याकडे ओव्हन बघायचं काम नको म्हणाली.

ठराव: डोळे काही म्हणोत, मागची जागा माझी. गाडी मागे घेणं डोळ्यांचं काम नाही, अंदाजाचं आहे. लेओपोलला बजावलं. तो हो म्हणाला. तो नेहमी हो म्हणतो, त्यामुळे निश्चिंत आहे.

२८ मार्च, लुइझियाना
फेब्रुवारीअखेर टेक्सासला गेलो होतो, आता परत फिरलो. घरच्या वाटेवरचा पहिला मुक्काम. पार्क भरलेला, खुर्च्या बाहेर आलेल्या, पंधरा तरी माणसं. पिएरेत तिची व्हॅन लावून आधीच बसली होती.

मी उतरले. मागे गेले. जागा बघितली, मला तरी मोकळी वाटली. हात वर केले. ये, ये.

लेओपोल आला नाही.

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मोठ्यानं म्हटलं, ये, अजून ये. इंजिन तसंच घुरघुरत राहिलं. आरशात त्याचं तोंड होतं, म्हणजे असावं, मला फिकट दिसतं ते. 

मग दार उघडल्याचा आवाज. तो उतरला, सावकाश माझ्यापर्यंत आला, कोपराला धरलं. भांडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. पण त्यानं नुसतं धरलं, पिएरेतच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपर्यंत नेलं आणि बसवलं. म्हणाला, जरा बस. आणि परत जाऊन स्टिअरिंगवर बसला.

गाडी एका दमात आत गेली. कशालाही न लागता. जागा मोठी होती.

माझे हात अजून वरच होते. पिएरेत म्हणाली, घे गं आता खाली.