पुठ्ठ्याच्या यंत्राचा नारळ

राहाता

ती. ताई,

कल्याणचा तुला आणि दाजींना नमस्कार. दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? आणि लेकीच्या पुण्याच्या नोकरीचं कौतुक ते सोनईच्या बाजारात अजून तेवढंच करतात का? आम्ही ठीक. (माझा तोरा जरा उतरलाय, पण ते ओघात येईल.)

राजेश्वरी रजा काढून मामाकडे आली, तेव्हा झोपा काढेल असं वाटलं होतं. तिने आमची पेरू उत्पादकांची कंपनीच हातात घेतली. पेरूची पावडर करायचं यंत्र आणावं, हे माझं जुनं वेड तुला माहीत आहे. संचालकांची मंजुरी तेवढी राहिली होती. ती म्हणाली, मामा, कल्पना नवी आहे हे खरं, पण कंपनी ज्यासाठी काढली त्याच वाटेने ती चालली आहे का, ते आधी बघू. याला डिझाइन थिंकिंग म्हणतात. आधी माणसांशी बोलायचं, मग स्वस्तातला नमुना करून त्यांच्यापुढे ठेवायचा आणि ती काय करतात ते गप्प बसून पाहायचं. (गप्प बसणंच मला जड गेलं.)

तिने फ्रिजच्या खोक्याचं यंत्र बनवलं. वर तोंड, खाली नळी, बाजूला रंगवलेलं बटण. चुकलं की फाडायचं आणि दुसरं करायचं, असा बेत. पण सकाळी सभासद माल घेऊन आले, आणि नवं यंत्र म्हटल्यावर त्यांच्यातल्या चांगुणाकाकूंनी त्याला हळदकुंकू लावलं, पुढे नारळ फुटला. (कोणी फोडला ते विचारू नकोस.) आता पूजा झालेली वस्तू फाडणार कोण?

पुढे जो तो त्यात मऊ, पिकून गेलेले पेरूच ओतायला लागला. पावडरीला तर कडक माल लागतो. मी तसं सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "कडक तर व्यापारी बांधावरनं नेतोय की. यंत्र ह्यो माल घेत न्हाई, तर नारळ कशापायी फोडला, भाऊ?"

ताई, सभासदाचा एकही पेरू उकिरड्यावर जाऊ नये, म्हणून आम्ही ही कंपनी काढली. आणि माझं यंत्र खपणारा माल खाऊन उकिरड्याचा माल तसाच ठेवणार होतं. मला ते कंपनीसाठी हवं होतं की उद्घाटनाच्या फोटोसाठी, असा प्रश्न मी डायरीत लिहिला. संचालकांपुढे मीच पावडर मागे घेतली आणि पिकल्या पेरूचा गर काढायचं यंत्र सुचवलं. लगेच मंजूर झालं. पोरगी कोपऱ्यात बसून होती. मामा चुकला, असं तिने एकदाही म्हटलं नाही. एवढी समज तिच्यात कुठून आली कोण जाणे. (तुमच्याकडून म्हणावं तर दाजी फुगतील.)

पुठ्ठ्याचं यंत्र पेरूच्या रसाने खाली बसलंय, तरी रोज कोणीतरी त्याच्यावर फूल ठेवून जातं.

तुझा,
कल्याण

ता. क. : गराच्या यंत्रावर जाणतं माणूस लागणार. राजेश्वरी राहायला तयार आहे. म्हणजे पुण्याला राजीनामा पाठवून झालाय.

आणखी एक : राजीनाम्याची खरी बातमी ती रविवारी घरी येऊन स्वतः सांगेल. हे पत्र म्हणजे त्या बातमीचा पुठ्ठ्याचा नमुना. या शेवटच्या ओळी गाळून पत्र दाजींना वाचून दाखव, ते काय करतात ते गप्प बसून बघ आणि मला फोन कर. वरच्या कोपऱ्यात कुंकू लावलंय, म्हणजे त्यांना फाडता येणार नाही.