चौथ्या माणसाची बारा वर्षं

अण्णा,

काल देवळाली कॅम्पात जाऊन आलो. गोऱ्यांच्या कबरस्तानात ते तीन दगड अजून उभे आहेत, भोवतीचं गवतसुद्धा कापलेलं. ते पाहिले आणि इतक्या वर्षांनी, या वयात, तुमचा राग आला. रामकुंडावर तुमच्याइतका शास्त्र जाणणारा उपाध्याय झाला नाही, असं लोक अजून म्हणतात. म्हणून जास्तच आला.

एकोणचाळीसची लढाई जाहीर झाली, त्याच हिवाळ्यात पेठकडच्या डोंगरात लष्कराचं बॉम्बफेकी विमान पडलं. आत तीन गोरे आणि निफाडकडचा एक फिटर. मी शाळेत मास्तर, डोक्यात दिवसभर कवितेची वृत्तं. बातमी ऐकून मी वर्गाकडून गरुडावरचे श्लोक म्हणवून घेतले. गोऱ्यांची प्रेतं सापडली, बिगुल वाजवून पुरली. फिटर बेपत्ता, असं लष्करानं घरी कळवलं.

महिन्याभरानंतरची गोष्ट. तुम्ही कुंडाच्या पायरीवर बसला आहात, शेजारी मी. समोर फिटरचा बाप, मागे पदर ओढून उभी त्याची विशीतली सून, आणि त्यांनी सोबत आणलेला डोंगरातला एक शेतकरी. तो सांगतोय, "ह्यो लांब दरीत पडला व्हता, महाराज. शिपाई तिकडं आलंच नाय. हातावर मारुती गोंदलेला, म्हनून पुरला नाय, जाळला."

"माझ्याच पोराचा हात त्यो," बाप म्हणाला. "हिनंच जत्रेत हट्टानं गोंदवून घ्यायला लावला व्हता. त्याचं दहावं-तेरावं उरकून द्या. पोरगी विशीची हाय, तिचा पाट लावून द्यायचाय."

"सासराच नवरा शोधतोय?" तुम्ही हसलात.

"लेक म्हनून आणली, लेक म्हनूनच देतो."

तुम्ही जानवं सारखं केलंत. "सरकारी कागद आणा. जंगलातल्या माणसाच्या सांगण्यावरून मी जिवंत माणसाचे पिंड पाडणार नाही. बेपत्त्यासाठी बारा वर्षं थांबायचं, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा."

"मंग म्या जाळला तो कोन, महाराज?"

अण्णा, आपल्या मुलखात येऊन बसलेल्या साहेबानं दोन ओळी खरडल्या असत्या तर तो फिटर तुमच्या लेखी लगेच मेला असता. आणि ज्यानं लाकडं तोडून, रचून, परक्याला माणसासारखा निरोप दिला, त्याची साक्ष खोटी. हे कुठलं शास्त्र?

बारा वर्षांनी ती आली. सासरा गेलेला. कपाळाला कुंकू, केस अर्धे पिकलेले. तुम्ही तीनशे साठ पानं मोजून पुतळा बांधलात, एक पान चुकलं नाही. विधी आटोपल्यावर म्हणालात, "आता मोकळी झालीस, बाई." तिनं विचारलं, "कशासाठी, महाराज?"

त्या पहिल्या दिवशी बाप माझ्याकडेही वळला होता. "मास्तर, तुमी शिकलेलं. तुमीच सांगा." तुमचं चुकतंय, हे मला उघड कळत होतं. मी म्हणालो, "अण्णा सांगतात ते शास्त्राला धरूनच आहे."

हे वाक्य मी या पत्रात दोनदा लिहून खोडलं. आता राहू देतो. पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तेवढं जमतंय.